डावखुरा टाका

नोव्हेंबर सरता सरता
बर्डीच्या मैदानाबाहेर बांबू रोवले जातात
आणि माझ्या मशीनच्या शेजारी
चोक्यीचं दुकान उभं राहतं.
स्वेटर लुधियानाचे, बोली झाडीपट्टीची.
"घ्या ना जी बाई, धुतलं का अजून नरम होते."
नागपूरला थंडी ती किती,
वीस दिवस, फार तर महिना.
तेवढ्यात वर्षाचं तेलमीठ काढायचं.
मी तिच्या गिऱ्हाइकांच्या चेन बसवतो,
बाह्या आखूड करतो. आमचा हिशेब
चहावर सुटतो.

गाव विचारलं की म्हणते, कॅम्प.
कोणता कॅम्प?
"कॅम्पच जी. धानाच्या बांध्या संपल्या का दिसते.
कंडक्टर ओरडते ना, कॅम्पवाले, उतरा."
पक्की घरं आहेत तिथं, नळ आहे, शाळा आहे.
तिचा जन्म तिथलाच, तिच्या पोरीचाही.
तंबू कधीच काढले.
शब्द काढायचा राहून गेला.

यंदा तिनं गाठोड्यातून एक कापड ओढलं.
जाड, हिरवट, कडेला उंदरांनी कुरतडलेलं.
"आईच्या ट्रंकेत होतं. पिशवी होईल का जी याची?
मोठी. माल ठेवाले."
तंबूचं कापड. आसामातल्या पहिल्या छावणीचं,
डोंगर उतरल्यावर मिळालेलं.
कोपऱ्यात काळ्या शाईत अडतीस,
पुढं आणखी एक आकडा, नाहीतर डाग.

कापड आधी उलटं करून बघायचं,
ही माझी चाळीस वर्षांची खोड.
एक ठिगळ फौजी दोऱ्याचं, सरळ, कंटाळलेलं.
एक घाईतलं, अंधारात घातलेलं असावं,
टाके एकमेकांवर चढलेले.
एक सुतळीचं, दाभणाची भोकं अजून उघडी.
आणि दाराच्या पट्टीपाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
बारीक, मन लावून घातलेले टाके,
सगळे उलट्या अंगाला कललेले.

तुमच्यात डावखुरं कोण होतं?
"कोणीच नाही जी."
मी उसवायला घेतलं तशी म्हणाली, थांबा,
आणि आईला फोन लावला.

त्यांच्या भाषेतलं मला काही कळत नाही.
ही काहीतरी विचारते, तिकडून एक शब्द येतो.
ही पुन्हा विचारते, तिकडून काहीच येत नाही.
एक गिऱ्हाईक आलं, मफलरचा भाव करून
न घेता गेलं. फोन तसाच कानाला.
मग पलीकडची म्हातारी बोलायला लागली
आणि चहा निवला तरी थांबली नाही.

नोर्झोम. आईची मोठी बहीण. अकरा वर्षांची.
डाव्या हातानं जेवते म्हणून मार खायची;
शिवताना कोणी बघत नसे.
बंदुकांच्या आवाजापासून चालत निघाली,
खिंडीतून, बर्फातून, धाकटीला पाठीवर घेऊन,
आणि आसामच्या वैशाखात
अंगातला लोकरीचा झगा काढायला तयार होईना.
दुसरं काही नव्हतंच.
तापानं आठ दिवस घेतले.

"मावशी होती, मले माहीतच नव्हतं जी."
चोक्यी बोटांवर काहीतरी मोजायला लागली,
सहासातपर्यंत गेली आणि सोडून दिलं.

मी कातर खाली ठेवली. राहू देऊ का, म्हटलं.
"नाही जी. पिशवी लागते."
मग थोड्या वेळानं,
"ते ठिगळ आतून घ्या.
बाहेरून लोकं हात पुसतात."

पुन्हा खडूनं आखलं, पुन्हा मोडलं, पुन्हा आखलं.
हातभर कापड वाया गेलं.
त्या पट्टीवरून मशीन चालवलं नाही,
कडेकडेनं हातानं घेतलं, रात्री घरी बसून,
बायको म्हणाली, दिवा जाळून कोणाची एवढी पिशवी?

किती झाले, तिनं सकाळी विचारलं.
मी नुसत्या चेनचे सांगितले.
तिनं नोट पुढं केली, डाव्या हातानं.
उजव्यात फोन होता,
कधीचा बंद झालेला.